पाळण्याखालचा शिक्का

पाळणा पुंगोलच्या फ्लॅटमध्ये आला तेव्हा त्यात नारळ, खण आणि मूठभर तांदूळ होते. सिंगापुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये तो बरीच वर्षं फिरत होता आणि त्याचे नियम ठरलेले होते. तो विकायचा नाही. रिकामा न्यायचा नाही आणि घरात रिकामा ठेवायचाही नाही. एका घरातलं मूल मोठं झालं की आधी पुढचं घर ठरवायचं, देणाऱ्याने रंगाचा एक हात मारायचा आणि मगच तो हलवायचा.

खरं तर ती चार पायांची, उभ्या गजांची लाकडी कॉट होती. ती झुलत नसे. तरी सगळे तिला पाळणाच म्हणत, आणि बारशाला तिच्याभोवती उभं राहून पाळणेही म्हटले जात.

हा पाळणा माझ्या भाचीच्या मुलीसाठी आला होता. भाची आणि तिचा नवरा दोघंही पुण्याचे. तो एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, ती बाळंतपणाच्या रजेवर होती. बाळंतपणासाठी भाचीच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. घराजवळच्या मॉलमध्ये नव्या कॉट ओळीने मांडलेल्या असत. भाचीच्या नवऱ्याने, आमच्या जावयाने, त्यातल्या एकीचा फोटो आईला दाखवला होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या होत्या. "खेळणी ठेवायला होईल."

"आई, बाळासाठी आहे."

"बाळाला पहिली वस्तू नवी नसते रे. तुला तुझ्या आत्याच्या धोतराचं दुपटं होतं."

"आत्या धोतर नेसायची?"

"तिच्या सासऱ्यांच्या. जास्त शहाणपणा करू नकोस."

त्यात थट्टा होती, पण निर्णयही होता. पहिली टोपडी-झबली कुणाच्या तरी अंगावरून उतरलेली, पहिली दुपटी जुन्या साड्यांची, आणि पहिला पाळणा ज्यात दुसरी मुलं धडधाकट वाढली असा. पुण्यात हे जमतं. परदेशात असा पाळणा सापडावा लागतो. तो जुरोंग ईस्टला राहणाऱ्या एका काकूंच्या ताब्यात होता. काकू साठीच्या पुढच्या. त्यांची दोन्ही मुलं याच पाळण्यात वाढली होती आणि नंतर कुठल्या घरी तो पाठवायचा, हे त्याच ठरवत असत.

बारशाच्या आदल्या दिवशी काकूंचा धाकटा मुलगा तो व्हॅनमधून घेऊन आला. तिशीचा, उंच, शांत मुलगा. इथेच जन्मलेला. मराठी समजणारा, जपून बोलणारा आणि वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडणारा. तो एका कंपनीचा माल घरोघर पोचवत असे. "याचं डोकं अभ्यासात कधी नव्हतंच," हे काकू त्याच्यादेखत, चहाचा कप पुढे करावा इतक्या सहज सांगत. तो हसत असे. त्या दिवशी पाळणा लावून झाल्यावर त्याने वरच्या दांडीवरून बोट फिरवलं. दांडीवर दातांच्या खुणा होत्या, एकाशेजारी एक, काही रंगाखाली बुजलेल्या, काही स्पष्ट.

"हे माझे," तो म्हणाला. "ताईचे तिकडे. माझे मोर डीप, लाह."

सगळे हसले. सासूबाईंनी खुणांना हळद-कुंकू लावलं.

बारशाला वरवंटा मिळाला नाही म्हणून खलबत्त्याचा दगडी बत्ता घेतला. त्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. मग बाळाला आत ठेवलं.

त्या वेळी मी पाया लेबारच्या एका छोट्या कार्यालयात काम करत होते. त्याआधीची वीस-बावीस वर्षं मी पुण्यात एका दैनिकाच्या संपादकीय डेस्कवर काढली. इथल्या कार्यालयात जुन्या वस्तूंच्या विक्रीची कॅटलॉग तयार होत आणि त्यांचा मजकूर माझ्याकडे असे. वस्तू काय आहे, कुठली, कोणत्या स्थितीत, हे नेमक्या शब्दांत लिहायचं. विशेषणं टाळायची. खात्री नसेल तर 'असावी' म्हणायचं. डेस्कचंच काम, फक्त बातमीच्या जागी खुर्ची.

त्या वर्षी एका संग्रहातून ब्रिटनमधल्या युटिलिटी वस्तूंचा मोठा गठ्ठा आला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने कपडे आणि घरगुती सामान कसं बनवायचं हे स्वतः ठरवून दिलं आणि युद्ध संपल्यावरही काही वर्षं तेच चालू ठेवलं. लाकूड नव्हतं, कापड नव्हतं. बॉम्बने घरं पडलेल्यांना आणि नवी लग्नं झालेल्यांना मात्र पलंग लागत होते. म्हणून सरकारने मोजके नमुने मंजूर केले, किमती बांधल्या आणि कारखान्यांना बजावलं की यापलीकडे काही करायचं नाही. फर्निचरवर कोरीवकाम नाही. कपबशांवर नक्षी नाही. कोटाला किती खिसे, झग्याला किती चुण्या, किती बटणं, हेसुद्धा सरकारने ठरवलं. पुरुषांच्या पँटची खालची दुमड बंद झाली. त्यावर तिथे म्हणे सर्वांत जास्त तक्रारी आल्या.

या प्रत्येक वस्तूवर एक शिक्का असे. दोन गोल, दोन्हींतून एकेक फोड कापून काढलेली, आणि पुढे ४१ हा आकडा. तो दिसला की गिऱ्हाइकाने समजायचं, माल साधा आहे, परवडणारा आहे आणि टिकेल. त्या गठ्ठ्यातली एक खुर्ची मी स्वतः उलटीपालटी करून पाहिली होती. तिचा एकही सांधा हलत नव्हता.

बाळ पालथं पडायला लागलं त्या सुमाराची गोष्ट. एका रविवारी मी पुंगोलला गेले होते. बाळाचा खुळखुळा पाळण्याखाली गेला. तो काढायला मी गुडघ्यांवर बसले आणि मान वर केली. तळाच्या आडव्या पट्टीवर रंग पोचला नव्हता. तिथे उघड्या लाकडावर ते दोन गोल होते. शेजारी ४१.

डेस्कवर काम केलेल्या माणसाला असा योगायोग आवडतो. मी तशीच जमिनीवर बसून सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. चहा निवला. भाची खाली वाकून फोटो काढत राहिली.

"म्हणजे सरकारी पाळणा," सासूबाई म्हणाल्या.

"सरकारने ठरवून दिलेला. बनवला कुणा कारखान्याने."

"तेच ते. आमच्या लहानपणी कंट्रोलचं कापड मिळायचं. रंग एकच, पोत जाडाभरडा. वर्गातल्या निम्म्या मुली एकाच थानातल्या. पण टिकायचं हो. मोठीचं धाकटीला, धाकटीचं पायपुसण्याला. त्यावरही शिक्का असायचा."

"धुतला की जायचा का?" भाचीने विचारलं.

"शिक्का जायचा. कापड नाही."

मग पाळणा इथे आला कसा, याची चर्चा झाली. गोरे सैनिक इथले तळ सोडून गेले तेव्हा एका अधिकाऱ्याच्या बायकोने जाताना तो बोटीवर काम करणाऱ्या एका मराठी गृहस्थाच्या बायकोला दिला, असं काकू सांगत. त्याला दुजोरा नव्हता, पण खोटं वाटण्यासारखंही नव्हतं. त्या संध्याकाळी निघताना पाळण्याकडे पाहण्याची सगळ्यांची नजर बदललेली होती. आधी तो शकुनाचा होता. आता तपासून घेतलेलाही झाला.

त्यानंतर काही महिने मी पुंगोलला गेले ती घाईत, दारातून परत फिरण्यापुरती. नीट बसायला गेले तेव्हा बाळ पाळण्यात उभं राहत होतं. खालचे दोन दात आले होते. दोन्ही हातांनी वरची दांडी धरून, डोळे मिटून, ते ती दांडी चावत होतं. लाळ गजांवरून ओघळत होती. सासूबाई समोर बसून मेथी निवडत होत्या.

"बघा, आपली सही करतेय," त्या म्हणाल्या. "काकूंच्या लेकाच्या शेजारीच."

मी पुसायला म्हणून जवळ गेले. बाळाने ओठ बाजूला केले. दांडीवर नवी खाच पडली होती, ओली आणि स्वच्छ. वरचा पांढरा रंग निघाला होता. त्याखाली दुसरा, जरा पिवळट पांढरा. त्याखाली पोपटी. त्याखाली एक जाड, फिकट दुधी थर, आणि मग लाकूड. झाडाचं खोड कापल्यावर वलयं दिसतात, तसे घराघरांचे हात तिथे एकावर एक दिसत होते. जुना रंग कुणी कधी खरवडला नव्हता. फक्त वर नवा चढवत गेले होते. दुधी थराचा एक तुकडा बाळाच्या हनुवटीला चिकटला होता, तांदळाच्या कणीएवढा.

मी तो बोटाने काढला आणि रुमालात ठेवला. तेव्हा काही बोलले नाही. खात्री नव्हती.

आमच्या कॅटलॉगात जुन्या रंगवलेल्या प्रत्येक वस्तूच्या वर्णनाखाली एक ठरावीक वाक्य जात असे. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता आहे, लहान मुलांच्या वापरासाठी नाही. ते वाक्य मला लिहावं लागत नसे. ते आधीपासून साठवलेलं होतं, एक बटण दाबलं की जागेवर बसे. सोमवारी कार्यालयात गेल्यावर मी ते पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखं वाचलं.

जुन्या वस्तू हाताळणारे आमचे सहकारी रंग तपासायला कापूस लावलेल्या काड्या वापरत. काडी रंगावर घासायची. शिसं असेल तर कापूस लाल होतो. ही अंतिम चाचणी नाही, असं त्यांनी बजावलं आणि दोन काड्या दिल्या. त्या घेऊन मी संध्याकाळी पुंगोलला गेले. जावई नुकताच ऑफिसातून आला होता. बाळ भाचीच्या कडेवर होतं. काय करणार आहे ते मी आधी सांगितलं.

पहिली काडी वरच्या पांढऱ्या रंगावर घासली. कापूस पांढराच राहिला. सासूबाईंनी श्वास सोडला. दुसरी काडी मी बाळाच्या दातांनी पडलेल्या खाचेत फिरवली. कापूस आधी गुलाबी झाला, मग लाल.

खालून एलआरटी रेल्वेचा डबा वळण घेत गेल्याचा आवाज आला.

"शिसंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "शिसपेन्सिली चावून मोठे झालो आम्ही."

"पेन्सिलीत शिसं नसतं. ग्रॅफाइट असतं. नाव तेवढं राहिलंय."

"विहीणबाई, तुम्हीच म्हणालात, सरकारी शिक्का आहे. तपासलेला माल आहे."

"शिक्का लाकडाचा आहे. सांध्यांचा आहे. किमतीचा आहे. रंग नंतर लोकांनी दिलेत. आणि ज्यांनी शिक्का मारला त्यांनी तरी तेव्हा रंगातलं शिसं कुठे मोजलं होतं?"

"मग आता?" भाचीने विचारलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बाळाच्या तोंडाकडे पाहत होती. बाळ तिच्या गळ्यातली काळी पोत चघळत होतं. तिने ती ओढून काढली. बाळ रडू लागलं.

जावयाने फोनवर वाचायला सुरुवात केली होती. काही वेळाने त्याने फोन उलटा ठेवला. शिसं लहान मुलांच्या मेंदूत जातं आणि मूल वरून ठणठणीत दिसत राहतं, एवढं त्याने मोठ्याने वाचलं होतं. पुढचं त्याने मनात वाचलं.

"उद्या डॉक्टरकडे जा," मी म्हटलं. "रक्त तपासतील. आणि आजपासून तिला यात ठेवू नका."

इथे अडचण आली. सासूबाई ताडकन उठल्या.

"नेऊ नका डॉक्टरकडे असं म्हणत नाहीये मी. आत्ता चला म्हणाल तर येते. पण पाळणा रिकामा राहणार नाही. लेकुरवाळ्या घरात रिकामा पाळणा ठेवत नाहीत."

"आई, त्यात विष आहे," जावई म्हणाला.

"असेल. बाळाला नका ठेवू. पण तो रिकामाही नका ठेवू."

"मग काय ठेवू? लॅपटॉप?"

भाची हसली आणि लगेच रडली. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बत्ता घेऊन आल्या. बारशाचं टोपडं आता बाळाला लहान होत होतं. त्यांनी ते बत्त्याला घातलं, नाडी बांधली, दुपट्यात गुंडाळलं आणि बाळ झोपायचं त्या जागी आडवं ठेवलं. मग पाळणा बाळाच्या खोलीतून ओढून हॉलच्या कोपऱ्यात नेला. त्याच्या खाली सांडलेलं काही दिसत नव्हतं, तरी फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली.

बारशाला त्या दगडाला टोपडं घातलं तेव्हा सगळे हसत होतो.

जुरोंगच्या काकूंना फोन मी केला, कारण ते काम भाचीला सांगणं योग्य नव्हतं. फोन त्यांच्या मुलाने उचलला. "मम्मी, पुंगोलवाली आँटी, लाह," असं ओरडून त्याने तो आत नेला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" त्या म्हणाल्या. "अगं, इतकी मुलं वाढली त्यात. डॉक्टर झाली, इंजिनियर झाली. एक तर अमेरिकेत आहे. काही झालं का कुणाला?"

"काकू, कुणी तपासलं नव्हतं."

"तुझ्या त्या कॅटलॉगात जुनं ते सगळं धोक्याचं. आणि विकता मात्र तेच." मग लगेच पुढे, "सेंगकांगच्या मुलीला सहावा लागलाय. मी शब्द दिलाय तिला. तुमचं झालं असेल तर माझा मुलगा शनिवारी येईल न्यायला. रंगाचा हात मी इथेच मारून घेईन."

"रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तो कुठेही जाणार नाही."

"पाळणा तुझा नाही."

त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टरीण बाई शांत होत्या. बाळाला त्यांनी खेळवलं, वजन घेतलं, टाळू पाहिली. बाळ हसलं. रक्त काढताना रडलं आणि लगेच विसरलं. रिपोर्टला काही दिवस लागतील असं सांगितलं गेलं. रंग खरवडू नका, घासू नका, धूळ होईल, हेही बाईंनी दोनदा सांगितलं.

ते दिवस मी बहुतेक संध्याकाळी पुंगोलला असे. घर नेहमीसारखं चाललं होतं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, खालच्या मोकळ्या जागेत मुलं स्कूटर फिरवत होती, जावई कॉलवर बोलत होता. पण भाची बाळाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली होती. बाळ हाक मारल्यावर वळलं नाही, की तिचा हात थांबे. ते चिडचिडलं, की ती जावयाकडे बघे. पोट साफ झालं नाही, भूक लागली नाही, एकटक पंख्याकडे पाहत राहिलं, या सगळ्याला आता अर्थ येऊ लागला होता. आधी हेच बाळ हेच करत होतं.

"मावशी, ही परवा 'बा' म्हणत होती ना?" तिने एकदा विचारलं. "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आज नाही म्हणाली."

कोपऱ्यात तो दगड टोपडं घालून निजलेला होता. सासूबाई रोज सकाळी त्याचं दुपटं नीट करत. बाळ हॉलमध्ये रांगायला लागलं की हमखास पाळण्याकडे जाई. त्याची ओळखीची वस्तू तीच होती. कुणीतरी धावत जाऊन उचलून आणे आणि ते दांडीकडे हात पसरून रडे. शेवटी जावयाने खुर्च्या आडव्या घालून कोपरा बंद केला.

रिपोर्ट आला तेव्हा मी तिथे नव्हते. भाचीने फोन केला. तिचा आवाज सपाट होता. शिसं सापडलं होतं. असायला नको इतकं होतं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की ज्याला लगेच औषध सुरू करावं लागतं इतकं नाही. लोह आणि कॅल्शियम द्या, हात धुवा, फरशी पुसा, मूळ कारण घरातून काढा, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. भाचीने विचारलं होतं, बाळाला काही होणार नाही ना. शिशाला चालेल असा आकडा नसतो, बाई म्हणाल्या होत्या. आकडा खाली आणू. तोवर जे झालं असेल किंवा नसेल, ते आज कळणार नाही. ती बोलायला लागेल, शाळेत जाईल, तेव्हा बघत राहू.

"म्हणजे वर्षानुवर्षं," भाची म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणणं अचूक झालं नसतं.

त्याच दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. रिपोर्टचं त्यांना भाचीनेच कळवलं होतं. मला वाटलं, पुन्हा वाद होईल. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं विचारत राहिल्या. सासूबाईंचा इथे राहण्याचा पास कधी संपतो, पुण्यात पाऊस आहे का. मग म्हणाल्या,

"एक विचारू? ते शिसं गेलं ना पोटात, की नक्की काय होतं गं? म्हणजे शाळेत वगैरे."

"लक्ष लागत नाही. शिकायला वेळ लागतो. पण काकू, त्याला दुसरीही शंभर कारणं असतात. इतक्या वर्षांनी कुणी सांगू शकत नाही."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

मी समोरची कॅटलॉगची पानं बाजूला सरकवली.

"मोठी एका जागी बसून अभ्यास करायची," त्या म्हणाल्या. "हा बसायचाच नाही. मी फार मारलं गं त्याला."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सेंगकांगच्या मुलीला मी नाही म्हणून कळवलंय. शनिवारी येतो तो. पाळणा सुटा करा आणि टाकून द्या."

शनिवारी सकाळी तो आला. हातात पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर आणि जाड प्लास्टिकचे रोल. जावयाने बाळाच्या खोलीचं दार लावून घेतलं. सासूबाई बाळाला घेऊन आत बसल्या. आत जाण्याआधी त्यांनी पाळण्यातला दगड उचलला, टोपडं सोडलं, दुपट्याची घडी केली. बत्ता स्वयंपाकघरात नेऊन धुतला आणि ओट्यावर उभा ठेवला. मग पाळण्यात पाहिलं. तो आता रिकामा होता. त्यांनी देवापुढचा नारळ आणला, आत ठेवला, हात जोडले आणि नारळ पुन्हा उचलून घेतला. एवढंच.

चार बोल्ट निघाले. बाजूच्या जाळ्या सुट्या झाल्या. डोक्याकडची आणि पायाकडची चौकट मात्र सुटेना. तिथे स्क्रू नव्हते. लाकडात लाकूड बसवून वर खुंटी मारलेली होती. जावयाने पायाने दाबलं, ओढलं. चौकट करकरलीसुद्धा नाही. तोडायची तर घाव घालावे लागले असते आणि रंग उडाला असता. शिक्का मारणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

"नो नीड ब्रेक," काकूंचा मुलगा म्हणाला. "होल थिंग रॅप करू."

दोघांनी मिळून सगळे भाग ओल्या फडक्याने पुसले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळायला घेतले. वरची दांडी शेवटी राहिली होती. त्याने हातमोजा घातलेलं बोट दांडीवर ठेवलं, आपल्या खुणेवर. मग शेजारच्या छोट्या नव्या खाचेवर नेलं.

"हिचे?" त्याने मला विचारलं.

"हो."

"माझ्यापेक्षा लाइट आहेत," तो म्हणाला. "गुड."

मग त्याने दांडीवर प्लास्टिकचा एक वेढा दिला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि चिकटपट्टी लावली. शहराच्या नियमानुसार असं सामान जिथे द्यायचं असतं तिथे तो व्हॅनने स्वतः घेऊन गेला. इमारतीच्या खाली ठेवलं तर कुणीतरी उचलून घरी नेईल, असं तोच म्हणाला होता. लाकूड चांगलं आहे, त्यामुळे नक्की नेईल.

लिफ्टचं दार बंद झाल्यावर आम्ही कोपरा पुसला. पाळण्याच्या चार पायांचे ठसे फरशीवर उमटलेले होते. ते गेले नाहीत.

भाचीने बाळाला बाहेर आणून सोडलं. ते रांगत थेट त्या कोपऱ्यात गेलं, थांबलं, इकडेतिकडे पाहिलं. मग वळून जेवणाच्या खुर्चीपाशी आलं. तिचा पाय धरून, कण्हत, उभं राहिलं. खुर्ची नवी होती, मॉलमधून आणलेली. बाळाने तोंड उघडून बसायच्या फळीची कडा दातांत धरायला मान पुढे केली.

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी आपला तळहात फळीच्या कडेवर ठेवला. बाळाने तो चावला. त्यांनी हात काढला नाही.

दुसरी रक्त तपासणी पुढच्या महिन्यात आहे.